पोटनिवडणूक लागली, आता काय? नव्या मतदारासाठी आणि पहिल्यांदा बूथवर बसणाऱ्यासाठी

खासदाराचं निधन झालं, त्यांनी राजीनामा दिला किंवा ते अपात्र ठरले की दुसऱ्या दिवसापासून टपरीवर एकच चर्चा सुरू होते: तिकीट कुणाला? मतदाराने मात्र त्याआधी वेगळे प्रश्न विचारावेत. निवडणूक होणार का? कधी? आणि तेव्हा यादीत माझं नाव असेल का? सार्वत्रिक निवडणुकीचा गाजावाजा इतका असतो की या गोष्टी न विचारताच कळतात. पोटनिवडणूक एका मतदारसंघापुरती असते, टीव्हीवर तिला दोन मिनिटं मिळतात आणि सगळा कार्यक्रम पाच-सहा आठवड्यांत उरकतो. ज्याने आधीच लक्ष ठेवलं तोच वेळेवर पोहोचतो.

जागा खरंच रिकामी झाली का?

बातमी येणं वेगळं आणि जागा रिकामी होणं वेगळं. राजीनामा लोकसभा अध्यक्षांनी स्वीकारावा लागतो. निधन, राजीनामा किंवा अपात्रता, कारण कोणतंही असो, लोकसभा सचिवालय अधिसूचना काढतं आणि मग निवडणूक आयोगाचं काम सुरू होतं. दोन जागांवर निवडून आलेल्याला चौदा दिवसांत एक सोडावी लागते. 2024 मध्ये राहुल गांधींनी रायबरेली ठेवली, वायनाड सोडलं आणि तिथे नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणूक झाली.

अपात्रतेच्या बाबतीत जरा थांबून बघा. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली की खासदारकी जाते, पण वरच्या कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली की ती परतही येते. जानेवारी 2023 मध्ये लक्षद्वीपच्या खासदारांना शिक्षा झाली, ते अपात्र ठरले आणि आयोगाने आठवडाभरात पोटनिवडणूक जाहीरही केली. मग केरळ उच्च न्यायालयाने दोषसिद्धीला आणि शिक्षेला स्थगिती दिली आणि ती निवडणूक आयोगाला रोखावी लागली. त्यानंतर दोनच महिन्यांनी राहुल गांधींची वायनाडची खासदारकी गेली, तेव्हा आयोगाने घाई केली नाही. अपिलासाठी मुदत आहे, वाट पाहू, अशी भूमिका घेतली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि खासदारकी परत मिळाली. म्हणून अपात्रतेची बातमी आली की लगेच बॅनर छापायला टाकू नयेत.

सहा महिन्यांचं गणित, आणि त्यातली पळवाट

लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 151-क. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची, हा नियम. अपवाद दोन. त्या सदस्याच्या मुदतीतलं एक वर्षही उरलं नसेल तर निवडणूक घ्यायची गरज नाही. आणि सहा महिन्यांत निवडणूक घेणं कठीण आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं, तर मुदत टळते.

पुणेकरांना हा दुसरा अपवाद चांगलाच ठाऊक आहे. पुण्याचे खासदार गिरीश बापट यांचं 29 मार्च 2023 रोजी निधन झालं. लोकसभेची मुदत जून 2024 पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून जास्त काळ शिल्लक होता. तरी निवडणूक झाली नाही. आयोगाचं म्हणणं असं की यंत्रणा इतर निवडणुकांत गुंतली आहे आणि नव्या खासदाराला फार थोडा काळ मिळेल. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हे म्हणणं फेटाळून तातडीने निवडणूक घ्यायला सांगितलं. जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि पुणे मे 2024 च्या मतदानापर्यंत खासदाराविना राहिलं. चंद्रपूरचीही तीच गत. तिथले खासदार बाळू धानोरकर 30 मे 2023 रोजी गेले, तेव्हाही वर्षाहून थोडा जास्त काळ बाकी होता. गंमत म्हणजे त्याच पुण्यात फेब्रुवारी 2023 मध्ये कसबा पेठ आणि चिंचवड या विधानसभेच्या दोन पोटनिवडणुका व्यवस्थित पार पडल्या होत्या. माझ्या मते यंत्रणेला सवड नाही हे कारण पुण्यातच सर्वांत कमी शोभणारं होतं.

तेव्हा जागा रिकामी झाल्याची तारीख आणि लोकसभेची मुदत संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. मधलं अंतर वर्षाहून बरंच जास्त असेल तर निवडणूक येणारच असं धरून कामाला लागा. अंतर वर्षाच्या आसपास असेल तर आयोग काय म्हणतो ते ऐका.

घोषणा झाली की दिवस कसे पळतात

नांदेडचं उदाहरण घेऊ, कारण तारखा सगळ्यांच्या ताज्या आहेत. वसंतराव चव्हाण जून 2024 मध्ये 59,442 मतांनी निवडून आले आणि 26 ऑगस्टला त्यांचं निधन झालं. विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक घ्यायची असं आयोगाने 15 ऑक्टोबरला जाहीर केलं. अधिसूचना 22 ऑक्टोबर, अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस 29, छाननी 30, माघार 4 नोव्हेंबरपर्यंत, मतदान 20 नोव्हेंबर, मोजणी 23 नोव्हेंबर. मध्ये दिवाळी.

यातली अंतरं कायद्यातच ठरलेली आहेत: अधिसूचनेनंतर सातव्या दिवसापर्यंत अर्ज, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांनी माघार, आणि माघारीनंतर किमान चौदा दिवसांनी मतदान. शेवटचा दिवस सुट्टीचा आला की तो पुढे सरकतो. नांदेडची माघार सोमवारवर गेली ती त्यामुळेच.

यादीतलं नाव: बाकी काही केलं नाही तरी हे करा

अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर मतदार यादीत नाव घालता येत नाही. तुमच्या अर्जावर हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, मग बीएलओची, म्हणजे तुमच्या बूथची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची, पडताळणी. त्यामुळे त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोहोचलेला हवा. नांदेडच्या तारखांवर हिशेब करून बघा: घोषणा 15 ला, अर्जाचा शेवट 29 ला, म्हणजे नव्या मतदाराच्या हातात घोषणेनंतर जेमतेम चार दिवस होते. म्हणून घोषणेची वाट बघायची नाही. जागा रिकामी झाली की त्याच आठवड्यात यादी तपासायची.

नवं नाव असेल तर नमुना 6. पत्ता बदलला असेल, नावात चूक असेल किंवा कार्ड हरवलं असेल तर नमुना 8. अर्ज मतदार सेवा पोर्टलवर, मोबाइल अ‍ॅपवर किंवा थेट बीएलओकडे देता येतो. चौकशीसाठी 1950 हा नंबर. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर. लोकसभेला नाव नव्हतं म्हणून पोटनिवडणुकीलाही नसेल असं समजणारी कितीतरी पोरं मधल्या काळात पात्र झालेली असतात.

एक घोळ नेहमीचा आहे. मतदार कार्ड खिशात आहे म्हणजे नाव यादीत आहे, असं होत नाही. भाड्याचं घर बदललेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं पडताळणीत कमी झालेली असतात आणि ते मतदानाच्या दिवशी दारात कळतं. यादीत नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बघा आणि कागदावर टिपून ठेवा. यादीत नाव असेल आणि कार्ड सापडत नसेल, तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड अशी बारा ओळखपत्रं चालतात. फक्त मतदार चिठ्ठी दाखवून मत देता येत नाही.

85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मतदाराला घरी बसून मत देता येतं, पण नमुना 12-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. आजी-आजोबा असतील तर ही तारीख तुम्हीच लक्षात ठेवा, ते ठेवणार नाहीत.

पुण्यात नोकरी, मत नांदेडात

सार्वत्रिक निवडणुकीच्या सुट्टीची सगळीकडे चर्चा असते. पोटनिवडणुकीला ती फक्त त्या मतदारसंघापुरती जाहीर होते आणि हिंजवडीतल्या किंवा चाकणमधल्या मॅनेजरला त्याचा पत्ताही नसतो. कायद्याचं कलम 135-ख सांगतं की लोकसभा किंवा विधानसभेला मतदान करण्याचा हक्क असलेल्या कामगाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यायची. तुमची नोकरी मतदारसंघाबाहेर असली तरी हक्क तुमचाच. रोजंदारीवरच्यालाही लागू. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामाला तेवढा अपवाद आहे. मतदानाच्या आठवडाभर आधी यादीच्या पानाची प्रत जोडून लेखी अर्ज द्या. तोंडी विचारलं तर तोंडीच नकार मिळतो.

परदेशातल्या भारतीय पासपोर्टधारकांनी नमुना 6-क भरून नाव नोंदवलं असेल तर त्यांना मत आहे, पण केंद्रावर स्वतः येऊन, मूळ पासपोर्ट दाखवून. दुबईहून पोटनिवडणुकीसाठी कोण येतं हा भाग वेगळा.

उमेदवार ओळखायचा कसा

वय किमान 25 आणि देशातल्या कुठल्याही लोकसभा मतदारसंघात मतदार, एवढं असलं की लोकसभेला उभं राहता येतं. तो मतदारसंघ तुमचाच असावा अशी अट नाही. अनामत 25,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला 12,500. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत की डिपॉझिट जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर त्याचं नाव सुचवणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात. महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा 95 लाख, गोव्यात 75 लाख.

प्रत्येकाचं शपथपत्र, म्हणजे मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण, आयोगाच्या संकेतस्थळावर लागतं. ते स्कॅन केलेलं असतं, अक्षर कधी वाचवत नाही, तरी गुन्ह्यांचं आणि देण्यांचं पान उघडाच.

सहानुभूतीच्या लाटेबद्दल दोन शब्द, कारण नव्या कार्यकर्त्याला सगळे हेच शिकवतात: घरातला माणूस उभा केला की काम झालं. बीडला तसं झालं. ऑक्टोबर 2014 मध्ये प्रीतम मुंडे 6,96,321 मतांनी जिंकल्या. पण पालघर बघा. 2018 मध्ये भाजपचे खासदार चिंतामण वनगा गेल्यावर त्यांचा मुलगा शिवसेनेकडून लढला आणि भाजपच्या राजेंद्र गावितांकडून 29,572 मतांनी हरला. नांदेडला वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण जिंकले, पण अवघ्या 1,457 मतांनी. पाच महिन्यांपूर्वीची साठेक हजारांची आघाडी इतकी खाली आली. त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्या लोकसभेतल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला दिल्या आणि खासदार मात्र काँग्रेसचा निवडला. एका खोलीत दोन यंत्रं होती आणि लोकांनी वेगवेगळा विचार करून बटणं दाबली. लाट वगैरे म्हणणाऱ्याला हा निकाल दाखवावा.

आचारसंहिता कुठवर?

मतदारसंघ ज्या जिल्ह्यात येतो त्या पूर्ण जिल्ह्याला, किंवा एकापेक्षा जास्त असतील तर त्या सगळ्यांना, ती लागू होते. राज्याची राजधानी, महानगर किंवा महापालिका क्षेत्रातला मतदारसंघ असेल तर तेवढ्या मतदारसंघापुरतीच. शेजारच्या जिल्ह्यात भूमिपूजन दिसलं म्हणून तक्रार करायला धावू नका, आधी हद्द बघा. तक्रार करायची असेल तर सी-व्हिजिल अ‍ॅपवर फोटो किंवा व्हिडिओ टाका, शंभर मिनिटांत दखल घेण्याची पद्धत आहे. मतदान संपण्याच्या 48 तास आधी प्रचार थांबतो आणि बाहेरून आलेल्या नेत्या-कार्यकर्त्यांनी मतदारसंघ सोडायचा असतो. पोटनिवडणुकीत हा नियम जास्त जाणवतो, कारण राज्यभरातल्या गाड्या एकाच मतदारसंघात येऊन उभ्या असतात.

मत देताना

रांग, ओळख पटवणं, शाई, सही, बटण. यंत्रावर पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. दोन्ही मतदानं एकत्र असतील तर रंग बघून बटण दाबा. दाबल्यावर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिथे नाव आणि चिन्ह बघूनच बाहेर पडा. चिठ्ठीवर दुसरंच नाव आलं असं वाटलं तर केंद्राध्यक्षांना सांगता येतं. लेखी दिल्यावर ते उमेदवारांच्या एजंटांसमोर तुम्हाला चाचणी मत द्यायला लावतात. तक्रार खोटी निघाली तर कारवाई होते, त्यामुळे खात्री असेल तरच.

तुमच्या नावावर कुणी आधीच मत टाकून गेलं असेल तर भांडत बसू नका, घरीही जाऊ नका. प्रदत्त मत मागा, बोलण्यात सगळे त्याला टेंडर व्होट म्हणतात. ते कागदी मतपत्रिकेवर घेतात आणि वेगळं ठेवतात. 1,457 च्या फरकाच्या निवडणुकीत अशा प्रत्येक पाकिटाला किंमत येऊ शकते.

मोबाइल आत नेता येत नाही.

पहिल्यांदा पोलिंग एजंट म्हणून बसताना

नवख्या कार्यकर्त्याला पक्षाचा माणूस आदल्या रात्री नमुना 10, म्हणजे एजंट म्हणून नेमल्याचं पत्र, हातात देतो आणि म्हणतो, सकाळी जाऊन बस. काय बघायचं ते कुणी सांगत नाही. एजंट सहसा त्याच किंवा शेजारच्या केंद्राचा मतदार असतो, निदान त्याच विधानसभा क्षेत्रातला तरी. मतदार कार्ड आणि नमुना 10 सोबत ठेवा. खिशाला पक्षाचा बिल्ला लावू नका.

मतदान सातला सुरू होणार असेल तर तुम्ही साडेपाचला जिल्हा परिषद शाळेच्या त्या वर्गखोलीत हवं. तेव्हा अभिरूप मतदान होतं, सगळे मॉकपोल म्हणतात. बाकं भिंतीला लावलेली असतात, केंद्राध्यक्ष रात्री धड झोपलेले नसतात, पुठ्ठ्याचा मतदान कक्ष उभा करायचा चाललेला असतो. किमान 50 मतं टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि नोटालाही. कोण कुणाला मत टाकतंय ते एक जण कागदावर लिहितो. मग क्लोज आणि रिझल्ट ही बटणं, आणि पडद्यावरचे आकडे कागदाशी जुळवायचे. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून त्याही जुळवायच्या. त्यानंतर सगळ्यांत महत्त्वाचं: क्लिअर बटण दाबून यंत्र शून्यावर आणलं का, आणि मॉकपोलच्या चिठ्ठ्या व्हीव्हीपॅटच्या पेटीतून काढून काळ्या लिफाफ्यात सील केल्या का. घाईत हे राहिलं की मोजणीच्या दिवशी त्या केंद्राचा आकडा जुळत नाही. टोटल शून्य दाखवल्याशिवाय मॉकपोलच्या प्रमाणपत्रावर सही करू नका. यंत्रांचे आणि सीलचे क्रमांक स्वतःच्या वहीत लिहा.

यंत्र बिघडलं तर बदलतं, बदललेल्या यंत्राचाही मॉकपोल होतो. भंडारा-गोंदियाच्या मे 2018 च्या पोटनिवडणुकीत विदर्भाच्या उन्हात व्हीव्हीपॅट इतक्या ठिकाणी बंद पडले की 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावं लागलं. बिघाड झाला की किती वाजता, किती मतांनंतर, हे लगेच टिपा. संध्याकाळी आठवणीतून सांगितलेल्या वेळेला कुणी विचारत नाही.

दिवसभर तुमचं खरं काम नाव पुकारल्यावर आपल्या यादीवर खूण करणं. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षांकडे असते. त्यातलं नाव पुकारलं गेलं तर मान वर करा. ओळखीबद्दल ठाम शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो. उगाच घेतलात तर पैसे जातात आणि रांगेतली माणसं तुमच्यावर भडकतात. दुपारी एक ते तीन केंद्र ओस पडतं आणि बहुतेक एजंट याच वेळात जेवायला गायब होतात. बदली एजंटाला बसवूनच उठा.

सहा वाजले की रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात, रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचं मतदान होतं. मग क्लोज बटण. यंत्रावरची टोटल आणि मतदार नोंदवहीतली संख्या पडताळा. नोंदवहीत सही करून कुणी मत न देता परत गेलं असेल तर तेवढा फरक येतो, त्याची नोंद असायला हवी. आणि मग नमुना 17-ग. झालेल्या मतांचा हिशेब लिहिलेला हा कागद, त्याची सही केलेली प्रत एजंटला मिळणं हा हक्क आहे. ती घेतल्याशिवाय खोली सोडू नका. भूक लागलेली असते, बाहेर गाडी हॉर्न देत असते, तरी नाही.

मोजणी आणि त्यानंतर

मोजणीत आधी टपाली मतं घेतात, अर्ध्या तासाने यंत्रं सुरू होतात. तुमच्या केंद्राचं यंत्र टेबलावर आलं की सतरा-ग मधला आकडा, यंत्राचा क्रमांक आणि सील जुळवायचं. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या सोडत काढून मोजतात, त्यामुळे अटीतटीच्या लढतीत अधिकृत निकालाला रात्र होते.

निवडून आलेल्या खासदाराला पाच वर्षं मिळत नाहीत, लोकसभेची उरलेली मुदतच मिळते. उमेदवाराने खर्चाचा हिशेब निकालापासून तीस दिवसांत द्यायचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला सात दिवसांत, पैसे भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातली पाच टक्के यंत्रं तपासायची मागणी करता येते. निवडणूक याचिका उच्च न्यायालयात पंचेचाळीस दिवसांत करता येते, आणि ती उमेदवारच नाही तर मतदारसंघातला कुठलाही मतदार करू शकतो. तोवर सतरा-ग ची प्रत, यंत्रांच्या क्रमांकांची वही आणि खुणा केलेली तुमची यादी एका पिशवीत घालून ठेवा.